पुढे व्हावे

आमच्या देवासला एकेकाळी दोन राजे होते, हे तुम्हाला कुणीही सांगेल. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. बाजाराच्या रस्त्याची एक बाजू याची, दुसरी त्याची. मधोमध म्हैस बसली तर शिंगं कुणाच्या हद्दीत आणि शेपूट कुणाच्या, यावर दोन दरबारांत सहा-सहा महिने खलिते जायचे. तोवर म्हैस व्यायची, आणि मग रेडकावरून नवा वाद.

रस्त्याचं खरं आहे. म्हैस माझी.

धंद्यानं मी पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतो, भिंती लिहितो. काल उघडलेल्या दुकानावर 'पन्नास वर्षांची परंपरा' लिहिताना माझा हात कधी थरथरलेला नाही. आमचे पणजोबा म्हणे महाराजांच्या हत्तीच्या सोंडेवर नक्षी काढायचे. हत्ती होता का, ते ठाऊक नाही. नक्षी मात्र फार सुंदर होती असं आजोबा सांगायचे. तेव्हा वाढवून सांगणं ही माझी खोड नव्हे, ती घराण्याची विद्या. पण तात्या हुजुऱ्यांबद्दल लिहायला बसलो आहे, तर ब्रश जरा आखडता धरीन म्हणतो. एकदा धरला नव्हता, त्याचं काय झालं तेही यात येईलच.

तात्या म्हणायचे, "पेंटर, आपल्या गावात रस्ता ओलांडणं म्हणजे परराज्यात पाऊल टाकणं. विचारल्याशिवाय कुणाच्या पुढं जायचं नाही, हे आपल्या रक्तातच हवं."

रक्तात कुणाच्याच नव्हतं. तात्यांच्या होतं. वीजखात्यात मीटर वाचायचं काम, अंगानं खांबासारखेच उंच आणि कोरडे. काळी, उंच सायकल. तिला दिवा होता, चाकात डायनामो होता, साखळीवर झाकण होतं, सीटखाली तेल पुसायचं फडकं होतं. घंटी तेवढी नव्हती. हँडलवर जिथं घंटी असते तिथं नुसता एक गोल, चकचकीत पट्टा होता. तात्या त्याच्यावरून अधूनमधून अंगठा फिरवायचे. गेलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसा.

घंटीऐवजी ते विचारायचे. पुढं कुणी चालत असलं की साधारण एका खांबाच्या अंतरावरून आधी हलकेच खाकरणं. मग संबोधन. मग बातमी. मग विचारणा. "दादा, मागं सायकल आहे हो. उजव्या अंगानं येऊ का?" आणि थांबणं. म्हणजे सायकल चालूच, पण इतकी हळू की तिच्यावर मुंगीनं चढून उतरून जावं. पुढच्यानं "या" म्हटलं की तात्या पुढं. जाताना "बरं हो" म्हणायचे आणि मागं वळून बघायचे नाहीत. वळून पाहिलं तर उपकार केल्यासारखं दिसतं, असं त्यांचं मत.

आणि "या" आलं नाही तर? तर तात्या मागंच.

स्वतः वळायचं असलं की डावा किंवा उजवा हात बाहेर काढून थांबायचे. मागून कुणीतरी "व्हा" म्हणेपर्यंत वळायचे नाहीत. सुरुवातीला लोकांना कळेचना की या माणसाला हवंय काय. पुढं पुढं आमच्या चौराह्यावरचा भाजीवाला, पंक्चरवाला, शाळेची पोरं, सगळेच ओरडायला लागले, "व्हा, तात्या!" ज्यांना मराठीचं दुसरं अक्षर येत नव्हतं त्यांनाही 'या' आणि 'व्हा' हे दोन शब्द यायचे. मराठी वाचवायला आमच्या मंडळानं वर्षानुवर्षं व्याख्यानं ठेवली. तात्यांनी ते काम सीटवर बसून केलं.

हाक कुठल्या भाषेत मारायची, हे ते पाठ बघून ठरवायचे. मीटर वाचावा तशी पाठ वाचायचे. "चेहऱ्याला माणूस आरशात बघून तयार करतो. पाठीला कोण शिकवणार?" असं त्यांचं म्हणणं. खांदा जरा पुढं झुकलेला, कोपर अंगाला चिकटलेलं, म्हणजे जुन्या मराठी घरातला, तिथं "दादासाहेब". पाठीवर गमछा आणि चालीत शेत, म्हणजे पिपलरावां गावाकडून बाजाराला आलेला, तिथं "ओ भिया, पाछे साइकिल है, निकल जाऊं कईं?" एकदा आम्ही चहाच्या टपरीवर त्यांची परीक्षाच घेतली. रस्त्यानं जाणारी पाठ दाखवायची, तात्यांनी सांगायचं. दहातल्या नऊ बरोबर. एकाच्या पाठीवरून तर त्याच्या बायकोनं आज वांगी केली आहेत आणि त्याला ती आवडत नाहीत, एवढं सांगितलं. बरं, वांगी माझी. पण "हा माणूस घरी जायचं टाळतोय" इतकं तात्या खरंच म्हणाले होते, आणि तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत त्याच चौकाला तीन फेऱ्या मारून गेला.

घंटी का काढली याच्या मी गावात चार कथा पसरवल्या होत्या. एकीत ती माकडानं नेली, एकीत ती वाजली म्हणून धाकट्या पातीचा जुना हत्ती उधळला. खरी कथा तात्यांनी एकदाच सांगितली, मी त्यांच्या दारावर नाव लिहीत होतो तेव्हा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांची बदली धार जिल्ह्यात गंधवानीला झाली. नवी नोकरी, नवी सायकल, नवी कोरी घंटी. हाटाचा दिवस. पायवाटेनं भिल्ल बायका एकीमागं एक चाललेल्या, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या. मी सांगितलं असतं तर पन्नास सांगितल्या असत्या, तात्या म्हणाले बारा. यांनी मागून घंटी वाजवली. एकदाच.

"बाराच्या बारा बाजूला झाल्या, पेंटर. बाजूला काय होतं? बोरीचं काटवन. मोळ्यांसकट आत शिरल्या. एकीची मोळी सुटली, लाकडं पसरली. आणि एकीनंही वळून पाहिलं नाही. कोण आलंय ते बघायचीसुद्धा गरज नाही. घंटी वाजली म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे काट्यात."

तात्या उतरले. मोळी बांधायला वाकले, तर ती बाई आणखीच भ्यायली. मग त्यांनी हात मागं घेतला आणि नुसते उभे राहिले. बायका परत वाटेला लागल्यावर सायकल हातात धरून त्यांच्या मागं चालू लागले, थेट हाटापर्यंत. अर्धा कोस गेल्यावर शेवटच्या बाईनं हळूच मागं पाहिलं. मग तिच्या पुढचीनं. सायकल असून पायी चालणारा सरकारी माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. आधी एक हसली, मग बाराही हसायला लागल्या.

"ते हसू ऐकलं आणि मला श्वास घेता आला," तात्या म्हणाले. हाटात सायकलवाल्याकडून पाना मागून घेतला आणि घंटी उतरवली. तेव्हापासूनचा नियम: डोक्यावर भार असेल त्याला हाकसुद्धा मारायची नाही. उतरायचं आणि मागं चालायचं. भार असलेल्याला मान वळवायला लावणं हे पाप.

ती घंटी माईंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, देवघरात ठेवली. "घंटी देवाला वाजवावी," असं तात्या म्हणाले होते, "त्याला उठवावं लागतं. माणूस जागाच असतो." माईंनी ते शब्दशः घेतलं. आरतीला पितळी घंटेऐवजी सायकलची घंटी! ट्रिंग ट्रिंग. शेजारपाजारच्यांनी विचारलं तर माई म्हणायच्या, "आमचा देव सायकलवरनं येतो. म्हणून तर नवसाला वेळ लागतो. मधे कुठं पंक्चर झाला तर सांगता येत नाही हो."

मग दिवस बदलले. लोकांच्या कानांत गाण्याची पांढरी बोंडं आली. त्या काळातला किस्सा सांगतो, एरवी यात माझं फक्त अंतर असतं.

माताजीच्या टेकरीच्या पायथ्याशी सकाळी एक तरुण फिरत होता. कानांत बोंडं. मागून तात्या. "भिया, पीछे साइकिल है." उत्तर नाही. "भिया, सीधे हाथ से आ जाऊं?" नाही. तात्या मागं. तो टेकरीला वळसा घालून परत त्याच जागी आला, तात्या मागं. दुसरा वळसा. तिसरा. मी टपरीवरून बघत होतो. तिसऱ्या वळशाला त्या पोराला वाटलं, हा म्हातारा आपल्या पाळतीवर आहे. तो गर्रकन वळला, बोंडं काढली.

"क्या चाहिए, अंकल? कब से पीछे पड़े हो!"

"कुछ नहीं भिया. आगे निकलना था."

"तो निकल जाते! पूरी सड़क खाली पड़ी है."

"आप कहो तो निकलूं."

 पोरानं हात जोडले. "निकलो, बाबा, निकलो." तात्या "आभार" म्हणून निघून गेले. पोराच्या मागं तीन फेऱ्या मारल्याचा राग ना लोभ. मी ही गोष्ट सांगताना तीन वळशांचे तीस करतो आणि शेवटी दोघांना पिपलरावांला पोचवतो. तुम्हाला खरी सांगितली.

शेजारच्या मिनीला सायकल शिकवली ती तात्यांनीच. मिनीच्या घरी मराठी स्वयंपाकघरापुरती उरलेली; ती शिकायची हिंदी शाळेत. "आजोबा, मी येऊन राहिले, राइट साइडनी," असं म्हणायची. तात्या तिची सीट धरून पळायचे आणि धापा टाकत व्याकरण सुधारायचे. "येते आहे! उजव्या अंगानं! आणि उत्तर आलं?" "नाही आलं." "मग?" "मग नाही जायचं." "शाब्बास." चाकं आणि क्रियापदं ती एकदमच शिकली. बारावीत गेली तरी बाजारात म्हाताऱ्यांच्या मागं सायकल हळू करून विचारायची, "काकू, येऊ का?" गावातल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, हुजुऱ्यांचं वळण. ती हुजुऱ्यांची नव्हतीच, पण वळण होतं खरं.

मग माई गेल्या. आजारी-बिजारी नाही, दुपारी देवघर पुसता पुसता बसल्या, त्या बसल्याच.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी एक गोष्ट पाहिली. तात्या मोकळ्या रस्त्यानं जात होते. मागं कुणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि तात्या मधेच म्हणाले, "या." थोडं पुढं जाऊन परत, "या हो, या." मी पुढच्या आठवड्यात मुद्दाम लक्ष ठेवलं. दर पन्नास-साठ पावलांना तात्या रिकाम्या रस्त्याला वाट देत होते.

सांगणाऱ्याच्या हाती असं काही लागलं की तो थांबत नाही. मी टपरीवर बसून गोष्ट केली. म्हटलं, माई जन्मभर कॅरिअरवर बसल्या, आता त्यांना स्वतंत्र सायकल मिळाली आहे. त्या मागून येतात, विचारतात, "अहो, पुढं येऊ का?" आणि तात्या म्हणतात, "या." पण माई काही पुढं जात नाहीत, म्हणून परत थोड्या वेळानं विचारतात. काय सांगू, गोष्ट अशी जमली की सांगताना माझाच चहा निवून गेला. आठवड्यात ती गावभर झाली. बायका पदरानं डोळे टिपायच्या. रस्त्यानं तात्या "या" म्हणत गेले की लोक हात जोडायचे.

गोष्ट इतकी सुंदर होती की तात्यांच्या कानांकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

माझंही नाही, असं लिहायला हवं. पण ते खोटं होईल. मला शंका आली होती. एकदा मी मागून हाक मारली होती, दोनदा, आणि ते सरळ गेले होते. मला ती शंका आवडली नाही, कारण ती खरी ठरली तर माझी गोष्ट मरणार होती.

माईंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी मी नाल्याकडच्या अरुंद रस्त्यावर एका क्लासची भिंत लिहीत होतो. शिडीवर होतो, त्यामुळे सगळं दिसत होतं. तात्या आले. कॅरिअरला केळीची पानं बांधलेली, लांब, मागं हलत होती. त्या दिवशी ते एकदाही "या" म्हणाले नाहीत. कुठंतरी हरवलेले होते. मागं मिनी. क्लासला निघालेली.

"आजोबा, मागं सायकल आहे. उजव्या अंगानं येऊ का?"

तात्या सरळ.

"आजोबा, येऊ का?"

मी ब्रश थांबवला. तिनं सायकल हळू केली, आणखी हळू केली, हँडल लटपटायला लागलं. पाऊल टेकवेल तर शप्पथ. तात्यांनीच शिकवलं होतं की विचारल्यावर उत्तर येईपर्यंत जागा सोडायची नाही. ती हाका मारत राहिली. मागून दुधाच्या केट्या लावलेली मोटरसायकल आली. दूधवाल्यानं हॉर्न दिला. पुढं म्हातारा, मधे पोर, बाजूला नाला. तो मिनीच्या बाजूनं गाडी काढायला गेला आणि केटीचा कान तिच्या हँडलला लागला.

मी शिडीवरून ओरडलो. मिनी ओरडली, केट्या रस्त्यावर आपटल्या. तो आवाज धाकट्या पातीपासून थोरल्या पातीपर्यंत गेला असेल. तात्यांची पाठ तशीच सरळ, ताठ, पानं हलवत वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

पाठ वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं. ती त्या दिवशी मला वाचता आली.

मिनीचं उजवं मनगट मोडलं होतं. दूधवाल्यानं आणि मी तिला दवाखान्यात नेलं. पोरगी रडत नव्हती, एकच विचारत होती, "आजोबांना लागलं तर नाही ना?" तिकडं तात्या घरी गेले, पानं धुतली, श्राद्धाला बसले, वाढलं, दक्षिणा दिली. दुपारी धारहून आलेल्या त्यांच्या मुलीनं, कुसुमनं, त्यांना कागदावर लिहून सांगितलं. तोंडानं सांगून कळेना, तेव्हा तिलाही पहिल्यांदाच समजलं.

संध्याकाळी ते मिनीकडं आले तेव्हा मी तिथं होतो. धोतरावर श्राद्धाच्या तिळाचे दाणे चिकटलेले. खाटेशेजारी बसले.

"किती हाका मारल्यास?"

मिनीनं डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, मग आणखी दोन.

"सात. मग सातव्यानंतर पुढं का नाही गेलीस, बाळ?"

ती बोलली. त्यांना ऐकू गेलं नाही. ती परत बोलली. त्यांनी कान जवळ नेला, मग मान हलवली. तिच्या आईनं वही आणि पेन दिलं. उजव्या हाताला प्लास्टर, म्हणून मिनीनं डाव्या हातानं लिहिलं. मी अक्षरांचा माणूस आहे, ती अक्षरं मला अजून दिसतात. वेडीवाकडी, एक वर एक खाली, हिंदी शाळेतली मराठी:

'तुम्ही ये नाही म्हटलं.'

तात्यांनी ते वाचलं. किती वेळ वाचलं, यात मी भर घालणार नाही. मग त्यांनी तो कागद वहीतून नीट फाडून घेतला, चार घड्या घातल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मिनीच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर पडले. बाहेर लावलेली सायकल त्यांनी घेतली, पण बसले नाहीत. हातात धरून घरी नेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले. मी पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं लिहिलं, 'चूक माझी. मी ती गोष्ट केली.'

तात्यांनी वाचलं आणि हसले. फार थोडं. "गोष्ट मी ऐकली होती रे, पेंटर. तेव्हा एका कानानं ऐकू यायचं अजून. चांगली होती. माई असती तर तिलाही आवडली असती." मग हँडलवरच्या त्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मागं कोण आहे ते कळेना, म्हणून मी आपला सगळ्यांना आधीच 'या' म्हणून ठेवायचो. ऐकू येत नाही म्हटलं असतं तर कुसुमनं सायकल काढून घेतली असती. तुझी गोष्ट आयती मिळाली, तिच्या आड लपलो. मेलेल्या बायकोला पुढं केलं आणि मागं लपलो. सगळ्यांना आयुष्यभर सांगत आलो, जो उत्तर देत नाही तो रस्त्यावर चालवायच्या लायकीचा नाही. आता?"

मी लिहिलं, 'कानाचं यंत्र?'

"कुसुमनं सकाळीच कुणाचंतरी आणून लावून पाहिलं. त्यात हॉर्न ऐकू येतो, वारा ऐकू येतो. माणूस येत नाही." मग खिशातून एक चिठ्ठी काढली, मिनीची नव्हे, दुसरी. "एवढं एका पाटीवर लिहून दे. कॅरिअरला मागं लावायची आहे."

चिठ्ठीत त्यांच्या मोडीवळणाच्या अक्षरात होतं: 'मला ऐकू येत नाही. उत्तराची वाट न पाहता पुढे व्हावे.' खाली तेच हिंदीत.

'म्हणजे चालवणार?' मी लिहिलं.

"नाही. हातात धरून चालणार. भार असला की उतरून चालायचं, नियमच आहे. पण पायी चालणाऱ्यालाही कुणीतरी मागून विचारतंच की. आपल्या गावाला मीच ती सवय लावून ठेवली आहे. दुसरी कुणी मिनी माझ्यामागं थांबायला नको."

मी पिवळ्यावर काळी अक्षरं घेतली. हात आपोआप कडेला वेलबुट्टी काढायला गेला. तात्यांनी मनगट धरलं. "वेल नको. माणूस बघायला थांबेल."

जन्मात मी लिहिलेली ती एकच पाटी, जिच्यात एक अक्षर जास्तीचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात कुसुम त्यांना धारला घेऊन गेली. टेंपोत सामान थोडं: ट्रंक, देवघर, सायकल. देवघरातली घंटी मात्र ते मिनीकडं ठेवून गेले. मिनीनं ती सायकलला लावली नाही, अभ्यासाच्या टेबलावर ठेवली. परीक्षेला तिला लेखनिक घ्यावा लागला, पास झाली, मनगट थोडं वाकडं राहिलं. टपरीवर मला लोक अजून माईंची गोष्ट सांगायला सांगतात. मी सांगत नाही. म्हणतात, पेंटर म्हातारा झाला.

फाल्गुनात धारहून निरोप आला, तात्या झोपेतच गेले. मिनी हे कळल्यावर घंटी हातात घेऊन बसून राहिली, वाजवली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या दिवाळीनंतर. धारला एका दुकानाची भिंत लिहायचं काम मिळालं होतं. संध्याकाळी तलावाकडच्या रस्त्यानं स्कूटरवर कुसुमच्या घराचा पत्ता शोधत होतो, तर पुढं ती पाठ. धारच्या निम्म्या पाठी मराठी आहेत, पण ही ओळखायला मला दुसरी नजर लागली नाही. रस्त्याच्या अगदी कडेनं, सायकल हातात, कॅरिअरला पिवळी पाटी. जरा बारीक झाले होते. सायकलनं त्यांना धरलं होतं की त्यांनी सायकलला, सांगता येत नव्हतं.

मी इंजिन बंद केलं, उतरलो, स्कूटर ढकलत त्यांच्या मागं चाललो. खाकरलो. "तात्या, मागं पेंटर आहे. उजव्या अंगानं येऊ का?"

लोक येत होते. कॉलेजच्या तीन मुली सायकलवर आल्या, पाटी वाचली, गप्प झाल्या आणि अंतर ठेवून हळूच पुढं गेल्या. एका ई-रिक्षावाल्यानं हॉर्नवर नेलेला हात काढून घेतला. दूधवाला गेला. एक आई पोराचं बोट धरून गेली. पोरगं मोठ्यानं पाटी वाचत होतं, अक्षर अक्षर लावून. साऱ्या जन्मात मी हजार पाट्या लिहिल्या असतील, माझं लिहिलेलं इतक्या लोकांनी इतक्या निमूटपणे ऐकलेलं कधी पाहिलं नव्हतं. सगळे पुढं झाले. लिहिणाऱ्याला तेवढं जमेना.

गल्लीच्या तोंडाशी तात्या थांबले. डावा हात बाहेर काढला, सरळ, खांद्याच्या उंचीवर. आणि तसेच उभे राहिले.

"व्हा, तात्या," मी म्हटलं.

हात थोडा वेळ तसाच होता. मग त्यांनी तो खाली घेतला, सायकल वळवली आणि गल्लीत गेले.